मामांच्या विहिरीतला पांढरा थर

मल्लिनाथ मामा दगड घासायचे. आमच्या कॉलेजच्या भूशास्त्र विभागात त्यांनी तीस वर्षांच्या वर हेच काम केलं. कागदोपत्री ते प्रयोगशाळा परिचर होते, पण मुलं त्यांना ‘घासणारे मामा’ म्हणायची. त्यांच्याबद्दल लिहायला मी योग्य माणूस आहे की नाही, मला माहीत नाही. मी त्यांना जेमतेम तीन वर्षं ओळखत होते. पण शेवटी जे झालं ते मामा, त्यांची बायको आणि मी, एवढ्यांनीच पाहिलं. म्हणून लिहिते.

त्यांची खोली कॉरिडॉरच्या टोकाला, जिन्याखाली होती. खिडकी होती, पण तिच्यापुढे दगडांचं कपाट उभं केलेलं. बाहेर सोलापूरचं ऊन भाजत असायचं तेव्हाही आत संध्याकाळ असायची. तिथून दिवसभर एक आवाज यायचा. खर्र, खर्र. जरा थांबून पुन्हा खर्र. पहिल्या आठवड्यात मला वाटलं, फरशीच्या खालून कुणीतरी नखांनी खरवडतंय. तिसऱ्या वर्षाच्या एका ताईला मी घाबरत विचारलं, तर ती म्हणाली, “तो होय? त्याच्याकडे लक्ष देऊ नको. तो कायमच असतो.”

हे ऐकून माझी भीती वाढलीच. पण मी आवाजातच वाढले आहे. आमच्या घरात पुढच्या खोलीत टॉवेलचे दोन माग आहेत. वडील आणि काका पाळीपाळीने चालवतात. घरात कॉलेजला गेलेली मी पहिली. वर्गात काय विचारावं, कुणाला कसं बोलावं, हे मला कळत नसे. आवाजाच्या मागे जाणं मात्र जमत होतं. एका दुपारी गेले.

आत एक उंच, वाळका माणूस अनवाणी उभा होता. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे. समोर जाड काचेची पाटी, तिच्यावर पाणी आणि कसली तरी करडी भुकटी. त्यात तो बोटांखाली धरलेला दगडाचा तुकडा इंग्रजी आठाच्या आकारात फिरवत होता. मान वर न करता त्यानं विचारलं, “कोन हाय?”

मी नाव सांगितलं.

“चपला बाहेर काढ अव्वा. पायाला दुसऱ्या दगडाची धूळ लागून येती.”

अव्वा म्हणजे कानडीत आई. मामा वळसंगचे, घरी कानडी आणि मराठी दोन्ही. सगळ्या मुलींना ते अव्वाच म्हणायचे.

दगड सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचा तर त्याच्यातून उजेड पार जावा लागतो. त्यासाठी दगडाची चकती कापतात, काचपट्टीवर चिकटवतात आणि केसाहून पातळ होईपर्यंत घासतात. काळ्या कुळकुळीत दगडाचं तेव्हा रंगीत काचेच्या तुकड्यांसारखं काहीतरी होतं. बाकीचे याला ‘सेक्शन तयार झाला’ म्हणत. मामा म्हणायचे, “दगड उघडला.” जरा जास्त घासलं तर सगळाच पुसला जातो, काचपट्टी कोरी राहते. मामांच्या हातून असं वर्षानुवर्षं झालं नव्हतं. एका दगडाचं काम संपलं की ते पाटी, खल, हात, नखं तीन वेळा धुवायचे आणि प्रत्येक वेळी उजेडाला धरून बघायचे. कुणी घाई केली की म्हणायचे, “ह्या डोंगराची माती त्या डोंगराच्या नावावर गेली तर पाप कुनाला लागंल? मला.”

ते बोलायचे फार कमी आणि बोलायचे ते दगड जिवंत असल्यासारखं. एकदा आमच्याच भागातला काळा दगड हातात देऊन म्हणाले, “ह्यो सरळ हाय. पातळ हुता, भेगेतनं आला, वाहिला, थिजला. ह्याच्या पोटात काय न्हाय. भ्यायचं ते न वाहनाऱ्याला.”

न वाहणाऱ्याबद्दल आम्हांला दुसऱ्या वर्षी मॅडमनी शिकवलं. विभागप्रमुख मॅडम तो धडा फार मन लावून घेत. म्हणाल्या, “मोठ्या ज्वालामुखीखाली शिलारसाचा तलाव उकळत असतो, हे चित्र आधी डोक्यातून काढून टाका.” मग फळ्यावर आकृती काढत सांगितलं. समुद्राचा तळ सरकत खाली जातो आणि सोबत पाणी नेतो. मिठानं जसं बर्फ लवकर वितळतं, तसा त्या पाण्यानं खोलवरचा तापलेला खडक वितळायला लागतो. तो रस वर येतो, वरच्या कवचाखाली अडतो आणि तिथला खडकही थोडा वितळवतो. निवताना त्यातून लोखंड जास्त असलेले जड स्फटिक आधी वेगळे होतात. उरलेला रस दर वेळी थोडा बदलतो. जास्त घट्ट, जास्त चिकट, पोटात जास्त वायू. असं होत होत शेवटी खाली जे राहतं ते बहुतेक स्फटिकच असतात, आणि त्यांच्या फटींत जरासा रस.

“म्हणजे गोठलेलं?” माझ्या शेजारी बसणाऱ्या रुक्सानानं विचारलं.

“जवळजवळ. हजारो, कधी लाखो वर्षं ते तसंच पडून राहतं. मग खालून नवा, तापलेला रस येऊन धडकतो. ते पुन्हा मऊ होतं. घट्ट रस वर गोळा होतो. आणि एक दिवस छप्पर सहन करत नाही.” मॅडमनी खडू खाली ठेवला. “भाकरी टम्म फुगते आणि वाफ गेली की वरचा पापुद्रा खाली बसतो ना, तसं सगळं बाहेर पडल्यावर वरची जमीन खाली कोसळते. त्या खळग्याला काल्डेरा म्हणतात. सुमात्रातल्या अशा एका खळग्यात आज प्रचंड तळं आहे. पाऊण लाख वर्षांपूर्वी तिथली राख वाऱ्यानं आपल्या देशावर येऊन पडली. महाराष्ट्रातल्या काही नद्यांच्या काठात ती अजून सापडते. पांढरा थर.”

तेवढ्यात मला टप, टप असं ऐकू आलं. वळून पाहिलं तर दारात मामा उभे होते. हातांतून पाणी गळून पायाशी छोटं थारोळं झालं होतं. त्यांचं लक्ष फळ्याकडे नव्हतं. ते जमिनीकडे बघत होते. मॅडम त्यांना काही बोलल्या नाहीत. नंतर कळलं, दर वर्षी या एका तासाला मामा काम टाकून येतात आणि दारात उभे राहतात.

तास संपल्यावर त्यांनी मला गाठलं. “अव्वा, पांढरा थर म्हनाल्या न्हवं?”

“हो मामा.”

“किती खोल असतो ते सांगितलं का?”

“नाही सांगितलं.”

“दर वर्सी ऱ्हातंच त्यांचं,” मामा म्हणाले आणि निघून गेले.

मामांनी मला सगळ्यांत जास्त शिकवलं ते नवी पेठेत, बर्फाच्या गोळ्याच्या गाडीवर. एप्रिलात मामांना कापडाचं काही घ्यायचं होतं. मला आणि रुक्सानाला पुस्तकं हवी होती. वाटेत भेट झाली. मामांनी तिघांसाठी कालाखट्टा सांगितला. रुक्सानानं एका दमात निम्मा रंग ओढून घेतला.

“थांब,” मामा म्हणाले. “दाव गोळा. काय राह्यलं?”

“बर्फ.”

“पांढरा की न्हाय? रंग कुटं गेला?”

“पेट में गया मामा,” रुक्साना म्हणाली. “गोला तो चैन से खाने दो!”

“खा की. पन ऐक. खाली बी हेच हाय. स्फटिक म्हंजे बर्फ. रस म्हंजे रंग. बर्फ जाग्यावर बसून ऱ्हातो, रंग वर वर जातो. मंग वर नुसता रंग जमला की...” त्यांनी बोलणं सोडलं आणि गोळ्याकडे बघत राहिले. गर्दी आम्हांला धक्के देत होती, रिक्षावाले ओरडत होते. “मला एकच कळत न्हाय. गोळ्याचा रंग तू ओढलास. तितं कोन ओढतं?”

मी घाबरत म्हणाले, “मॅडम म्हणाल्या होत्या, स्फटिकांच्या वजनानं पिळला जातो.”

“वजनानं.” त्यांनी मान हलवली. “म्हंजे कुनी ओढत न्हाय. आपल्याच भारानं हुतं. हे तर आनिकच वंगाळ.”

रुक्साना हसली. मला मात्र पुढचा गोळा संपवता आला नाही. पायाखालची नवी पेठ मला थोडी पोकळ वाटायला लागली होती.

तिसऱ्या वर्षी मॅडम परदेशातून त्या तळ्याकाठच्या दगडाचा एक तुकडा घेऊन आल्या. पांढुरका, हलका, छिद्राछिद्रांचा. त्यांनी थोडा भाग वर्षाअखेरीच्या प्रात्यक्षिकात आम्हां मुलांना कुटून पाहायला राखून ठेवला आणि उरलेल्याचा सेक्शन मामांकडे सोपवला. मामांनी तो चार दिवस घासला. पडदे लावलेल्या खोलीत मी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला आणि एका स्फटिकावर थांबले. त्याच्यात कडी होती. एकात एक, झाडाच्या बुंध्यात असतात तशी. मधलं एक कडं कुरतडल्यासारखं दिसत होतं आणि त्याच्यावर पुन्हा नवी कडी चढली होती.

मामा माझ्या मागे उभे होते. “किती दिसत्यात?”

“सात. नाही, आठ.”

“कुरतडलेलं कितवं?”

“पाचवं.”

“तवा खालनं कोनतरी आलं हुतं,” मामा अगदी हळू म्हणाले. “ह्यो निजलेला. तापलेलं काहीतरी येऊन अंगाला लागलं, ह्याची कड विरघळली. मंग ते गप झालं. ह्यो पुन्यांदा निजला. आता शेवटचं बघ. कसं हाय?”

“फार बारीक आहे.”

“बारीकच असनार. शेवटच्या टायमाला वाढायला सवडच मिळाली न्हाय.”

खोलीत काळोख होता, पंखा बंद होता. मी डोळा काढला नाही, कारण मागे वळून त्यांचा चेहरा बघायचा धीर होत नव्हता. तरी मनात एक शंका आली. मामा स्वतः का बघत नाहीत? प्रत्येक वेळी मलाच का विचारतात?

त्याचं उत्तर जानेवारीत मिळालं. दुपारी दीडच्या सुमाराला वीज गेली. सगळ्या विभागात एकदम अंधार आणि मग शांतता. दगड कापायची करवत थांबली, पंखे थांबले, मुलं बाहेर पळाली. एक आवाज मात्र थांबला नाही. खर्र, खर्र. त्याच लयीत, तसूभरही न चुकता. जिन्याखालच्या त्या खोलीत तर स्वतःचा हात दिसला नसता.

मी मोबाईलचा दिवा लावून आत गेले. मामा आठ काढत होते. दिवा त्यांच्या तोंडावर पडला, पण पापणी हलली नाही. त्यांनी आवाजाच्या दिशेला मान वळवली.

“कोन हाय?”

“मी मामा. लाईट गेलीय.”

त्यांचा हात थांबला.

“कवा?” त्यांनी विचारलं.

त्यांना काचबिंदू होता. डोळ्यातला दाब वाढत होता. दुखत नव्हतं, म्हणून कळलं नव्हतं. अंधार बाजूनं सरकत सरकत मधे आला होता. आता समोर, नाकाच्या रेषेत, बांगडीएवढा धुरकट उजेड राहिला होता. वर्षभर ते बोटांनी आणि कानांनी दगड घासत होते. पातळ होत आला की आवाज बदलतो, म्हणाले. निवृत्तीला चार महिने होते.

“मॅडमला सांगू नगंस,” ते म्हणाले. “काढनार न्हाईत त्या. पन कीव करतील.”

मी सांगितलं नाही. ते बरोबर होतं की चूक, मला अजून ठरवता येत नाही. त्या दिवसापासून मामा घासायचे आणि मी सूक्ष्मदर्शकात बघून रंग सांगायचे. स्फटिक पिवळा दिसला तर दगड अजून जाड, करडा झाला तर पुरे. “पिवळा.” खर्र. “अजून पिवळा.” खर्र. “करडा, मामा.” मग ते हात उचलायचे.

मार्चमध्ये एका सकाळी त्यांनी कपाटाच्या मागून एक पितळी डबी काढली. विभूतीची असते तसली. आत पांढरी, पिठासारखी माती आणि थोडे खडे होते.

“आमच्या हिरीतलं हाय,” ते म्हणाले आणि स्टुलावर बसले. मी त्यांना खोलीत बसलेलं पहिल्यांदाच बघत होते.

मामा सात-आठ वर्षांचे असताना त्यांचे अप्पा आणि चुलते मिळून रानात विहीर खणत होते. तीन पुरुष खोल खणल्यावर पांढरा थर लागला. मऊ, गार. अप्पांनी तो चिमटीत धरला, कपाळाला लावला आणि कुदळ खाली ठेवली. म्हणाले, ही देवाची विभूती आहे, हिच्यावर घाव घालायचा नाही. चुलते चिडले. चार हात खाली पाणी असेल, म्हणाले. अप्पा ऐकेनात. भाऊ वेगळे झाले. विहीर कोरडीच राहिली. गावानं तिला भस्माची हीर असं नाव पाडलं आणि हसायला लागलं.

“आई मरस्तवर दुसऱ्याच्या हिरीवरनं पानी आनायची,” मामा म्हणाले. “अप्पा रोज हे कपाळाला लावायचा. आमाला बी लावायचा. मी हितं लागलो तवा मला वाटलं, चुनखडी असंल. आपल्या मातीखाली असतीच. मंग मॅडमनी त्या राखेचं शिकवलं. तवापास्नं मला झोप न्हाय.”

“राख असेल तर?”

“राख असंल तर राखच की! देवाची नसंना, डोंगराची तरी. म्हंजे बापाला वळखू आलं हुतं. आनि चुना असंल...” त्यांनी डबी बंद केली, पुन्हा उघडली. “माझा बाप शाना हुता का येडा, एवढंच मला बघायचंय.”

भूशास्त्र महिनाभर शिकलेल्या मुलालाही हे तपासता येतं. आम्लाचा एक थेंब टाकायचा. चुना फसफसतो. ज्वालामुखीची राख म्हणजे बारीक काच, ती गप्प राहते. आम्लाची बाटली त्याच खोलीत होती.

मामांनी माझ्या मनातलं ओळखलं. “बाटली तितं, डबी हितं. मधी दीड हात. तीस वर्सं हात गेला न्हाय. आता डोळं चालले. टाक तू.”

त्यांनी खडे स्वतः खलात कुटून दिले. मी चिमूटभर काचेवर घेतलं, थेंब टाकला. मामा कान जवळ आणून वाकले.

फसफस इतकी मोठ्यानं झाली की बघायची गरजच नव्हती.

“चुना,” मामा म्हणाले.

मी म्हणाले, “मामा, सगळा नसेल. चुना विरघळवू, खाली काय उरतं ते बघू.” चंचुपात्रात आम्ल ओतत राहिले, फेस बसेपर्यंत. मग धुतलं, गाळलं, वाळवलं. चमचाभरातून नखावर मावेल इतका करडा गाळ उरला. त्यातला थोडा लवंगेच्या तेलात घालून काचेवर घेतला. खोलीभर लवंगांचा वास सुटला. मी डोळा लावला.

माती. वाळूचे बारीक कण. आणि मग कडेला एक तुकडा दिसला, तीन फाट्यांचा, बाजू आत वळलेल्या, फुटलेल्या बुडबुड्याच्या भिंतीसारख्या. मी सूक्ष्मदर्शकातली उजेड अडवणारी वरची काच आत सरकवली. वाळूचे कण चमकायला लागले आणि तो तुकडा नाहीसा झाला. काचपट्टीखालचं गोल पीठ फिरवलं. बाकी सगळे मिचकावत होते. तिथे नुसतं काळं होतं. ज्वालामुखीची काच अशीच वागते. वरची काच काढली, तुकडा पुन्हा होता.

“मामा, एक आहे.”

“काय एक हाय?”

“काच. राखेतली. वळणदार आहे. एकच आहे.”

मामा उठून उभे राहिले. भिंतीला हात लावला. त्यांचा श्वास ऐकू येत होता. मला वाटलं, आता ते हसतील किंवा रडतील. मलाच रडू यायला लागलं होतं. पण त्यांचा चेहरा हळूहळू बदलला, एखाद्यानं मागून हाक मारल्यासारखा.

“अव्वा, मी आत्ता कुटलं ते कुटल्या खलात?”

“तुमच्याच. कोपऱ्यातल्या.”

“गेल्या आठवड्यात तुमी पोरांनी मॅडमचा दगड कशात कुटला?”

मी खलाकडे बघितलं.

“त्यातच न्हवं?”

“पण तुम्ही तीन वेळा धुता मामा.”

“धुतला. हात फिरवून धुतला. उजेडाला धरला न्हाय. धरून काय करनार?” ते पुन्हा स्टुलावर बसले. “खलाला भेगा हायत. एखादा कन ऱ्हायला असंल. ह्या डोंगराची माती त्या डोंगराच्या नावावर घालत हुतो की मी. आनि कुनाच्या? बापाच्या.”

मी म्हणाले, “कदाचित विहिरीतलाच असेल.”

“असंल. पन आता कोन सांगनार?” ते म्हणाले. मग डबी बंद करत, “गप बसलो असतो तर तुला कळलं नसतं, व्हय ना?”

“नसतं कळलं.”

“तेच बघत हुतो, गप बसता येतंय का.”

त्याच दुपारी ते स्वतः मॅडमच्या केबिनमध्ये गेले आणि डोळ्यांचं सांगून आले. सेक्शनचं काम तेव्हापासून बंद झालं. उरलेले दोन महिने ते खुर्चीवर बसून राहायचे. तो आवाज नसल्यामुळे आमचा कॉरिडॉर इतका शांत झाला की मुलं तिकडून जाताना भराभर चालायला लागली.

मे महिन्यात, निवृत्तीनंतरच्या रविवारी, मी नवी पेठेतून एक कोरा खल घेतला आणि एसटीनं वळसंगला गेले. मामांनीच बोलावलं होतं. “ह्या बारीला तुझ्या हातानं काढ. माझा हात लावू नगं.” कोरलेल्या पायऱ्यांनी मी विहिरीत उतरले. वर ऊन होतं, खाली अंगावर शहारा येईल असा गारवा. पांढरा थर तळाशी सबंध विहिरीच्या कडेनं दिसत होता आणि पायाखालीही तोच होता. मी पाच ठिकाणचे नमुने नव्या पिशव्यांत घेतले. वरून मामांचा आवाज यायचा, “नखं धुतलीस का?” आणि तो भिंतींना लागून पुन्हा पुन्हा यायचा.

कॉलेजात मी पाचही नमुने विरघळवले, प्रत्येकाच्या चार काचपट्ट्या केल्या. आठवडाभर बघत होते. माझा शोध काय होता, हे खरं सांगायला हवं. मी नसलेलं काहीतरी सापडावं म्हणून बघत होते. शेवटी मॅडमना दाखवल्या. त्यांनी सगळ्या पाहिल्या आणि म्हणाल्या, “चुनखडी आणि माती. बाकी काही नाही गं.” मग माझ्याकडे बघून, “त्यांना फोनवर सांगू नकोस.”

मी पुन्हा वळसंगला गेले. मामा विहिरीच्या काठावर बसले होते. त्यांच्या पत्नी, शरणव्वा, बाजूला धान्य निवडत बसल्या होत्या.

“किती बघितल्यास?” मामांनी विचारलं.

“वीस पट्ट्या. मॅडमनी पण बघितल्या.”

“एकबी न्हाय?”

खोटं बोलणं फार सोपं होतं. मी म्हणाले, “एकबी नाही मामा.”

शरणव्वांचे हात थांबले. मामा विहिरीकडे तोंड करून बसून राहिले. खालून गार हवा येत होती आणि कुठलाच आवाज नव्हता, एखाद्या पाखराचाही नाही.

“म्हंजे बाप चुन्याला नमस्कार करत हुता,” ते म्हणाले. “आनि आई पानी वाहत हुती.” मग उठले. “पहार कुटं हाय?”

“ब्याड री!” शरणव्वा ओरडल्या. “नको! आंधळा मानूस हिरीत उतरतो व्हय? पडला म्हंजे?”

“हिरीत कुनाला दिसतं गं?” मामा म्हणाले.

“साठी उलटली! वर येताना कोन काढील?”

“देवाची विभूती हाय म्हनून इतकी वर्सं घाव घातला न्हाय. आता देवाची न्हाय, डोंगराची बी न्हाय. पोरीनं वीस बारी बघितलंय. आता खनायला कुनाची हरकत हाय?”

त्यांनी पहार आणि खोरं खांद्यावर घेतलं आणि भिंतीला हात लावत, पायऱ्या मोजत उतरायला लागले. मला त्यांचं डोकं दिसत होतं, मग खांदे, मग पहारेचं टोक. सावलीची रेघ आली आणि तिथे ते दिसेनासे झाले. थोडा वेळ काहीच नाही. मग पहिला घाव पडला. बद्द. दुसरा. तिसरा.

“अव्वा, काठावरनं मागं सर,” खालून आवाज आला. “माती ढासळंल.”

मी दोन पावलं मागे सरले. शरणव्वा पुटपुटत होत्या, कानडीत, मला कळलं नाही. पदरानं तोंड पुसून त्या गोठ्यात गेल्या आणि दोर बांधलेली लोखंडी पाटी घेऊन आल्या. माझ्याकडे न बघता त्यांनी ती विहिरीत सोडली. दोर सरसरत खाली गेला आणि सैल पडला. घाव थांबले. खाली खोऱ्याचा खरखराट झाला, मग तोही थांबला.

शरणव्वांनी दोराचं एक टोक माझ्या हातात दिलं. “धर घट्ट.”

आम्ही दोघी अंधारात बघत उभ्या राहिलो. दोर दोनदा हलला. आम्ही ओढायला लागलो.